सरळ रेषेतले दहा तास

धम्मपाल घानाला गेला त्याच आठवड्यात सुमेधानं मोबाईलवर शोधून सासूला सांगितलं होतं. मुंबईपासून आक्रा शहर आठ हजार तीस किलोमीटर, विमानाला साधारण दहा तास.

"दहाच?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मंग काय लांब न्हाई. लाल डब्यानं पुण्याला जायचं म्हणलं तरी आठ-नऊ तास मोडतातच की."

तीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं वहीत लिहिलेली बाई. आकडा एकदा कानावर पडला की विसरायची नाही. मोबाईलवरच्या त्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की अंतर सरळ रेषेतलं आहे आणि वेळ अंदाजे धरलेली आहे. तसं सरळ जाणारं विमान नसतंच, हे सुमेधाला नंतर समजलं. धम्मपाल आदिस अबाबात उतरला, तिथं चार तास बसला, मग दुसरं विमान. जालन्यातून निघाल्यापासून टेमाच्या कारखान्यातल्या खोलीत पाठ टेकेपर्यंत त्याचे चाळीस तास गेले होते. पण सासूच्या मनात दहा बसले ते बसलेच. चंदनझिऱ्याच्या त्यांच्या गल्लीत कुणी विचारलं, "पोरगा लई लांब गेला का हो बाई?" तर त्या सांगायच्या, "दहा तासांवर हाय."

घरात माणसं चारच. सासरे रामकिसन एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये अडतीस वर्षं राबून निवृत्त झालेले. तांबडी लोखंडी कांब रोलमधून बाहेर पडताना चिमट्यानं धरून वळवायची, हे त्यांचं काम. दोन्ही हातांवर भाजल्याचे पांढरे डाग होते. मुलानं त्यांच्याच हाताखाली रोल बसवायचं काम शिकून घेतलं, आणि जालन्याच्या मिलमधली माणसं आफ्रिकेत हवी आहेत म्हटल्यावर तो तीन वर्षांच्या करारावर टेमाला गेला. टेमा म्हणजे आक्राच्या शेजारचं बंदर. सुमेधा बियाणं कंपनीत होती. ओल्या कागदात ठेवलेल्या दाण्यांतले किती उगवले, किती कुजले, ते मोजायचं काम.

दिवाळीत सत्यशीलाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, संभाजीनगरच्या खेपा झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. फेब्रुवारीत तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की आता घरी न्या आणि दुखू देऊ नका. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दर चार तासांनी एक, दुखणं वाढलं तर दोन, असं कागदावर लिहून दिलं. गोळी घेतली की दुखणं उतरायचं आणि त्या झोपून जायच्या.

शुक्रवारी वस्तीतले डॉक्टर येऊन नाडी बघून गेले. दारात चपला घालता घालता सुमेधाला म्हणाले, "ज्याला बोलवायचं असेल त्याला बोलवून घ्या. जल्दी करा."

तिनं नवऱ्याला फोन केला. त्यानं कारखान्यात सुट्टी मागितली आणि ती मिळालीही. शनिवारी दुपारी बाराच्या विमानाचं तिकीट झालं. तिकडं राहायच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी पासपोर्ट सरकारी कचेरीत होता, तो सकाळी कारखान्याच्या गेटवर आणून देतो म्हणून कंपनीच्या माणसानं शब्द दिला.

सुमेधानं सासूच्या उशाशी बसून सगळं समजावून सांगितलं. तिकडचे बारा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. मग आदिस अबाबा. रविवारी सकाळी नवाला मुंबई, दुपारी एकची गाडी, साडेआठला जालना.

"आन् दहा तास?"

"ते सरळ गेलं तर, आत्या. हे वाटेत थांबत थांबत येतं."

सत्यशीलाबाईंनी बोटांवर मोजलं. "सत्तावीस तास. बराबर. तवर मी हाय." त्या दिवशी त्यांनी चार चमचे पेज खाल्ली.

शनिवारी तीनच्या सुमारास सुमेधा मागच्या न्हाणीपाशी कपडे पिळत होती, तेव्हा फोन वाजला. धम्मपालचा आवाज फाटल्यासारखा झाला होता. गेटवर पासपोर्ट आलाच नव्हता. कचेरीला सोमवारपर्यंत सुट्टी, आणि पासपोर्ट आतच होता. त्यानं ऑफिसात आरडाओरडा केला, साहेबाच्या पाया पडला. साहेब म्हणाला, मंगळवारी नक्की.

"विमान बारालाच हाय ना, अजून अडीच तास हायेत. कायतरी होईल," सुमेधा म्हणाली.

"काय व्हनार न्हाई, सुमेधा. बिलकुल व्हनार न्हाई. आईला फोन दे."

तेवढ्यात रामकिसन मागच्या दारात आले. तिच्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं, आणि तिच्या ओल्या हातातून फोन काढून घेतला. सगळं ऐकून घेतल्यावर ते भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलले.

"हे बघ. तिला सांगायचं न्हाई. तू निघालास असंच मी सांगतो. ती त्याच्यावरच जीव धरून हाय."

पलीकडून धम्मपाल काय म्हणाला ते सुमेधाला ऐकू आलं नाही.

"काय बोलशील तिच्याशी? रडशील. तिला कळंल. आन् विमानात बसलेल्या माणसाचा फोन बंद असतो, ध्यानात ठेव. तू फोन करू नको. आम्ही करू."

फोन ठेवून ते सुनेकडे वळले. "तू काही बोलू नको. एवढं कर."

सासऱ्याला ती मामा म्हणायची. "बरं, मामा," एवढंच म्हणाली. तेव्हा तिलाही ते बरोबरच वाटलं होतं. मरणाऱ्या माणसाला दोन दिवस सुखाचे जावेत, यात वाईट काय?

साडेपाचला रामकिसन बायकोच्या खाटेपाशी गेले. "निघालं बरं का विमान."

सत्यशीलाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. सहाला सुमेधा गोळी आणि पाणी घेऊन आली, तर त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"नको."

"आत्या, टाइम झाला."

"गोळी घेतली की मी दिवस दिवस पडून ऱ्हाते. तो एवढ्या लांबून यायचा आन् मी घोरत ऱ्हायची. नको मला."

"अजून सव्वीस तास हायेत, आत्या. उद्या दुपारपास्नं घेऊ नका, मी पण म्हणणार न्हाई. आता तर घ्या."

"गोळीचं काय सांगावं. मागच्या वेळी मी कितीक वेळ उठले न्हवते. तूच सांगितलंस." हे खरंच होतं. "सव्वीस तास काय मोठे? धम्माच्या वेळी मी छत्तीस तास कळा दिल्यात."

सुमेधानं सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली.

ती रात्र कशी गेली, ते सुमेधानं पुढं कुणालाच नीट सांगितलं नाही. सत्यशीलाबाईंनी पदराचा बोळा करून दातांत धरला होता. मधूनच त्या विचारायच्या, कुठवर आला? रामकिसन खाली बसून सांगायचे, आता आदिस अबाबाला उतरला असंल. आता दुसऱ्या विमानात बसला. आता खाली समुद्र असंल. घड्याळ बघून बरोबर सांगायचे. एवढं मन लावून, की एखाद्या वेळी त्यांचाच त्याच्यावर विश्वास बसला असावा. उजाडता उजाडता शेजारची दैवशाला आली. भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"गोळ्या संपल्या का गं? मी आणून देऊ?"

"हायेत, मावशी," सुमेधा म्हणाली.

नवाला रामकिसननी सांगितलं, "उतरला मुंबईला."

"फोन लावा," सत्यशीलाबाई लगेच म्हणाल्या. आवाज आत गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "उतरला म्हणजे लागंल आता."

रामकिसन क्षणभर गडबडले. "तिकडचं सिम हाय त्याच्याकडं. इथं न्हाई चालत."

"मंग कोणाच्या तरी फोनवरून करंल तो. माझा पोरगा हाय. करतो बघा."

मग त्यांनी सुमेधाचा फोन उशीपाशी ठेवायला लावला. दोनदा वाजला. एकदा गॅसवाल्याचा, एकदा सुमेधाच्या ऑफिसातल्या चिन्मयीचा, तब्येत विचारायला. दोन्ही वेळा सत्यशीलाबाईंनी मान उचलली आणि पुन्हा टेकली.

साडेबाराच्या सुमारास त्यांना हिरवी उलटी झाली. सुमेधानं तोंड पुसलं, लुगडं बदललं. तेव्हा त्या म्हणाल्या, "केस विंचर माझे. त्यानं असं बघितलं तर भिईल."

सुमेधा उशाशी बसून विंचरायला लागली. केस उरले होते किती? मानेखाली हात घातला तर मान थरथरत होती, थांबतच नव्हती. घामानं उशी भिजली होती. सासूनं वर बघत विचारलं, "आता गाडीत बसला असंल न्हाई?" आणि बोलता बोलता कळ आली तशी तिचं मनगट धरलं. बांगडी फुटून काच रुतली, तरी सुमेधानं हात काढला नाही.

कळ ओसरल्यावर ती उठून अंगणात गेली. रामकिसन पायरीवर बसले होते.

"मामा, मी सांगते त्यांना."

"काय सांगती?"

"ते निघालेच न्हाईत म्हणून. आत्या गोळी घेईनात, मामा. वीस तास झाले. कुणासाठी सोसून राह्यल्यात त्या? कुणी येऊन राह्यलंय का?"

"तिची आशा हाय ती. ती तोडली तर तिचा जीव जाईल."

"जीव तर जाणारच हाय, मामा. पण असा?"

रामकिसन उभे राहिले. एवढी वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, पण सुमेधाला ते त्या घटकेला फार म्हातारे दिसले. "आन् साडेआठला काय करायचं ते मी बघतो. गाडी लेट झाली म्हणीन. कायबी म्हणीन. तू मधी पडू नको."

"साडेआठपर्यंत अजून आठ तास हायेत."

"सुमेधा, तू जर सांगितलंस, तर ह्याच्यापुढं मी तुझ्याशी बोलणार न्हाई." त्यांनी चपला घातल्या आणि फाटक उघडंच टाकून ते गल्लीतून निघून गेले.

ती आत गेली. खाटेच्या कडेला बसली आणि एका दमात सांगून टाकलं. पासपोर्ट आला नाही, ते निघाले नाहीत, मंगळवारशिवाय निघता येणार नाही.

सत्यशीलाबाईंना आधी कळलंच नाही. "म्हंजी गाडी चुकली का?"

"न्हाई, आत्या. ते तिकडंच हायेत. घानात. आम्ही खोटं बोललो."

सुमेधाला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. अंगणवाडीत खाऊचा डबा कमी भरला की पडायच्या तशा.

"मंग मी रातभर कशापायी सोसलं?"

सुमेधानं घसरलेली उशी त्यांच्या मानेखाली सारली.

"मला सांगितलं असतं तर मी झोपले असते. त्याच्याशी फोनवर बोलले असते आन् झोपले असते." त्यांना धाप लागली. "तुम्ही मला येडी समजले का गं?"

"चुकलं, आत्या."

"लाव फोन."

सुमेधानं लावला. पूर्ण रिंग वाजली. पुन्हा लावला. पुन्हा. तिकडं सकाळचे आठ वाजत आले होते. मग तिच्या ध्यानात आलं. विमान हुकलंय तर सकाळच्या पाळीला उभा राहा, असं त्याला साहेबानं सांगितलं असणार, आणि मिलच्या फ्लोअरवर फोन नेऊ देत नाहीत. तो कपाटात वाजत असणार. त्याच्या खोलीत राहणाऱ्या मुकुललाही लावून बघितलं. त्याचाही तसाच वाजत राहिला.

"साडेतीनला त्यांची चहाची सुट्टी होते, आत्या. आपल्या साडेतीनला. तेव्हा बघतील."

"आता किती वाजले?"

"दीड."

"दोन तास." त्यांनी आढ्याकडे बघितलं. "बघते."

सुमेधा दर पाच मिनिटांनी फोन लावत राहिली. तिचा एक हात सासूच्या पोटावर होता, पण नुसतं ठेवलेलं वजनही त्यांना सोसेना, म्हणून तिनं तो उचलला. एकदा त्यांनी विचारलं, कितीक झाले, आणि तिनं दोनला दहा कमी म्हणून सांगितलं. मग पाऊण एक मिनिट गेलं असेल.

"न्हाई होत गं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "न्हाई होत मला. दे."

कागदावर लिहिलं होतं, दुखणं वाढलं तर दोन. सुमेधानं दोन दिल्या. त्यांनी त्या गिळल्या, सुनेचा हात चाचपला, मनगटावरचं रक्त बघितलं आणि "हळद लाव त्याला," म्हणाल्या. वीस मिनिटांनी चेहऱ्यावरची आवळलेली कातडी सैल झाली. श्वास लांब लांब येऊ लागला. त्या झोपल्या.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी फोन आला. "एवढे मिस कॉल? काय झालं?" धम्मपाल ओरडतच होता. मागं यंत्रांची घरघर चालली होती.

तिनं सांगितलं. आईला खरं सांगितलं, तिला तुमच्याशी बोलायचं होतं, आता गोळी दिली, झोपल्यात.

"उठव."

सुमेधानं उठवायचा प्रयत्न केला. हाक मारली, गालावर पाणी लावलं. पापणीसुद्धा हलली नाही. मग तिनं फोन सासूच्या कानाला लावला आणि स्वतः तोंड फिरवून बसली. चहाची सुट्टी दहा मिनिटांची. तेवढा वेळ तो आईच्या कानात बोलत राहिला. काय बोलला ते तिनं ऐकलं नाही. फोन परत कानाला लावला तेव्हा तो म्हणाला, "काल दिवसभर फोन हातातच होता माझ्या. खोलीत बसून होतो," आणि भोंगा वाजला तसा गेला.

रामकिसन पाचला परत आले. बायकोला शांत झोपलेली बघून त्यांना काय झालं असावं ते कळलं. गोळ्यांच्या पाकिटातली नव्यानं रिकामी झालेली दोन घरं त्यांनी बोटानं चाचपून बघितली. सुनेशी बोलले नाहीत.

सत्यशीलाबाई पुन्हा उठल्या नाहीत. सोमवारी सकाळी आठला, दैवशाला दारात दूध ठेवत असताना, श्वास थांबला. डॉक्टर येऊन म्हणाले, व्हायचंच होतं, गोळ्यांनी नाही. सुमेधानं ते तीनदा विचारून घेतलं.

थांबायचं किती? चुलत दिरांनी विषय काढला. मंगळवारी पासपोर्ट, बुधवारी विमान, गुरुवारी जालना. बर्फाच्या पेटीची चौकशीही झाली. धम्मपालनंच फोनवर सांगितलं, "नका ठेवू. तिला आता अजून वाट बघायला लावू नका." संध्याकाळी बुद्धवंदना झाली, पांढऱ्या कपड्यांत सगळी वस्ती आली, अग्नी दिला. कुणीतरी व्हिडिओ कॉल लावून धरला होता. थोड्या वेळानं त्यानंच तो बंद करायला सांगितला.

गुरुवारी रात्रीच्या गाडीनं तो उतरला. घरात येऊन भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोशेजारी नव्यानं लावलेला आईचा फोटो बघितला आणि खाली बसला. पायातले बूटसुद्धा काढले नाहीत. सुमेधानं पाणी दिलं. रामकिसन समोरच्या खुर्चीत होते.

"हिनं सांगितलं तिला," ते एकदम म्हणाले. चार दिवसांत सुनेविषयी त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. "मी नको म्हणलो होतो. न सांगती तर थांबली असती तुझ्यासाठी."

धम्मपालनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "बाबा, शनिवारी तीनला मी म्हणलो, आईला फोन द्या. तवा ती चांगली बोलत होती. आठवतं का?"

रामकिसननी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं.

"तुम्ही म्हणले, फोन करू नको. मी न्हाई केला. दहा-दहा मिन्टाला फोन काढायचो आन् ठेवून द्यायचो. विमानात होतो ना मी." त्याचा आवाज वर गेला नाही. गेला असता तर सुमेधाला बरं वाटलं असतं. "हिला कशाला बोलता? मी ऐकलं तुमचं, ते चुकलं."

रामकिसन उठून मागच्या दारी गेले आणि न्हाणीपाशी उभे राहिले. नळ सोडला, बराच वेळ हात धुतले. त्यांच्या मागं कुणी गेलं नाही.

रात्री झोपताना धम्मपालनं बायकोला एकच गोष्ट विचारली. "माझ्यावर चिडली होती का?"

"तुमच्यावर न्हाई," ती म्हणाली. "आमच्यावर."

आईच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला. करारातलं सव्वा वर्ष उरलं होतं. बाराव्या दिवशी तो परत गेला. मुंबईहून उडायच्या आधी त्यानं फोन केला, आदिस अबाबातून केला, आक्राला उतरल्यावर केला, खोलीत पोचल्यावर केला. चारही वेळा सुमेधानं पहिल्या रिंगला उचलला.

ती कामावर जायला लागली. सकाळी दोघांचा स्वयंपाक करून ताट झाकून ठेवायची. संध्याकाळी आली की ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं. रामकिसन तिच्याशी बोलत नव्हते असं नाही. गॅस संपला, मीटरवाला आल्ता, असं हवेत बोलल्यासारखं बोलायचे.

एका रविवारी ती अंगणात तांदूळ निवडत होती. ते बाहेर आले, पायरीवर बसले, आणि तिच्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "गोळी दिल्यावर तिला दुखत होतं का?"

"न्हाई, मामा. वीस मिन्टांत थांबलं."

"नक्की?"

"नक्की. चेहरा मोकळा झाल्ता." मग तिनं पुढचंही सांगितलं, कारण ते न सांगता तिला तिथं बसता येईना. "पण त्याच्या आधी लई दुखलं."

"ते मला माहिताय," रामकिसन म्हणाले. "मी शेजारीच बसल्तो."

त्यांनी हातावरचे डाग चोळले. आणखी काही बोलतील म्हणून सुमेधा सूप हातात धरून थांबली. थोड्या वेळानं ते उठले, आत जाऊन खाटेवर आडवे झाले. भिंतीकडं तोंड करून, दुपारचं ऊन उतरेपर्यंत तसेच पडून राहिले.